हर्रास, दोन वार

दोन आणि तीन यांच्यात किती अंतर असतं? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! पण तुम्ही आमच्या नाना पगाऱ्यांना कधी मोजताना ऐकलेलं नाही, म्हणून असं म्हणताय.

आमच्या कचेरीचा एक ग्रुप फोटो अजून माझ्याकडे आहे. हेडक्लार्क रिटायर झाले तेव्हाचा. फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालणार तेवढ्यात नाना म्हणाले, "मोजायचं माझ्याकडं द्या. रोजचं काम आहे माझं." दिलं बिचाऱ्यानं. "एक," नाना म्हणाले. आम्ही सगळे हसलो. "दोन," नाना म्हणाले, आणि थांबले. मान थोडी वर, नजर फाटकाकडे. आम्ही हसतोय आपले. गाल दुखायला लागले. हेडक्लार्कांना जांभई आली. शिपायानं नाक खाजवलं. मी वैतागून शेजारणीकडे वळले आणि म्हणाले, "अगं, हे तीन कधी म्हणणार मेलं?" नेमकं तेव्हाच नाना म्हणाले, "तीन." त्या फोटोत चौदा माणसं आहेत आणि हसतंय एकच. ते म्हणजे नाना.

नाना आमच्याकडे कोंडवाड्याचे कारकून होते. कचेरीचं नाव सांगत नाही, नाशिकची होती एवढं पुरे. कचेरीच्या मागच्या अंगाला दगडी भिंतीचं आवार होतं. गावात मोकाट सापडलेली जनावरं तिथं आणून कोंडायची. मालक आला, दंड भरला, की जनावर सोडायचं. ठरलेल्या मुदतीत कुणीच आलं नाही, तर जाहीर बोली लावून विकायचं. ही बोली नाना पुकारायचे. बुधवारच्या बाजारातून भरकटलेली म्हैस, गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, उंडारणारा गोऱ्हा, आणि कुणीच आपलं म्हणायला तयार नसलेली गाढवं, हे नानांचं राज्य.

मी पंचाहत्तरच्या सुमारास तिथं टंकलेखिका म्हणून लागले आणि माझं टेबल नानांच्या टेबलाला चिकटून आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी दिलेला कागद वाचून मला हसू आवरेना. जनावराच्या वर्णनाच्या रकान्यात लोक लिहितात, "गाढव, करडे, एक." नानांनी लिहिलं होतं, "गाढव, करडे, मध्यम वयाचे. कपाळी पांढरा टिळा. स्वभाव समंजस. पावसात उभे राहणे आवडत नाही."

"नाना, हे टाइप करायचं?" मी विचारलं.

"मग? नाशकात करडं गाढव काय एकच आहे? ज्याचं आहे त्याला आपलं ओळखू यायला नको?"

मी टाइप केलं. न करून सांगते कोणाला.

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असे, "आवाज जाऊ द्या." बोली पुकारताना 'एक वार' म्हणायचे, 'दोन वार' म्हणायचे, मग दोन्ही हात खाली सोडून फाटकाकडे बघत राहायचे. घेणारे कावून म्हणायचे, "अहो नाना, म्हणा की तीन!" त्यावर हे, "आवाज जाऊ द्या." पुढं पुढं ते वाक्य कुठंही यायला लागलं. चहावाल्याला हाक मारली, तो दोन मिनिटांत आला नाही आणि आम्ही कुरकुरलो, तर म्हणायचे, "आवाज जाऊ द्या." माझ्या लग्नाचं जमत नाही म्हणून आई कचेरीत येऊन त्यांच्यापाशी रडगाणं गायली, तर तिलाही हेच. आईला वाटलं, हे काहीतरी अध्यात्मातलं आहे. तिनं हात जोडले.

पण नानांचं खरं वेड निराळंच होतं. शब्दाचं.

जाहीर बोलीला आपण आता सरसकट 'लिलाव' म्हणतो. कांद्याचा लिलाव, घराचा लिलाव. नाना म्हणायचे 'हर्रास'. जुना शब्द. आमच्या आजोळी चिंचेच्या झाडांचा, गायरानातल्या गवताचा हर्रास व्हायचा, म्हणून मला ऐकून माहीत होता. पण नाना नुसते म्हणून थांबत नसत. समोरच्यानं 'लिलाव' म्हटलं की त्यांना ऐकूच येत नसे.

साहेब आतून ओरडायचे, "पगारे, लिलावाची फाइल आणा!"

नाना पेन्सिलीला टोक करत बसलेले.

"पगारे! लिलावाची फाइल!"

"कशाची, साहेब?"

"अहो लिलावाची, लिलावाची!"

"काही ऐकू येत नाही बघा. पंख्याचा आवाज फार होतो."

वीज सकाळपासून गेलेली असायची. शेवटी साहेब हात टेकायचे आणि म्हणायचे, "बरं बाबा, हर्रासाची." की फाइल टेबलावर हजर. साहेब तसे वाईट नव्हते. त्यांना घड्याळाचं फार होतं, इतकंच.

हा शब्द आला कुठून, याचा नानांनी ध्यास घेतला होता. बिस्किटाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी चिठोऱ्या साठवल्या होत्या, जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेल्या. भद्रकालीतला गुजराथी भुसारवाला 'हराजी' म्हणतो, ही एक चिठोरी. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ढाब्यावर एका कानडी ट्रकवाल्याला गाठून विचारलं, तो 'हराजु' म्हणाला, ही दुसरी. तेलुगू गवंडी म्हणाला 'हर्राजु'. त्या दिवशी नाना एवढे खूश झाले, की त्यांनी मला भेळ खाऊ घातली. "बघा सुमनबाई, केवढ्या मुलखात हाक गेलीय!" आणि 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीजांनी गलबतातून आणला, हे कुणीतरी सांगितल्यापासून तर ते त्या शब्दाकडे चोराकडे बघावं तसं बघायचे.

"पण नाना, अर्थ एकच ना?" मी एकदा म्हटलं.

"एक कसा असेल? लिलाव म्हणजे विकणं. हर्रास म्हणजे ओरडणं. आणि ओरडायचं कशाला? घेणारा समोरच उभा असतो, त्याच्यासाठी ओरडायची काय गरज? ओरडायचं ते ज्याचं आहे त्याला ऐकू जावं म्हणून."

मी मान हलवली. मनात म्हटलं, झालं यांचं सुरू.

एका रविवारी त्यांनी मला मालेगावला नेलं. तिथं उर्दू शाळेतले एक निवृत्त मास्तर राहतात, त्यांना अरबी-फारसी येतं, असं त्यांना कळलं होतं. चिठोऱ्या लिहायला अक्षर चांगलं हवं म्हणून मी. आईला वाटलं, स्थळ बघायला चाललो आहोत. तिनं मला नवी साडी नेसवली. यंत्रमागांच्या खडखडाटात दोन गल्ल्या चुकून आम्ही मास्तरांच्या दारात पोचलो.

मास्तर पिकल्या दाढीचे, डोळ्यांवर जाड भिंग. नानांचं म्हणणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "नानासाहेब, ये हर्रास ना आपका, ना हमारा. अरबी है. हराज. बाजार में खडे होके, चिल्लाके माल बेचना."

"चिल्लाके!" नानांनी माझ्याकडे बघितलं. "लिहा, सुमनबाई. चिल्लाके."

मास्तरांचा पुतण्या सौदीत नोकरीला होता, सुटीवर आलेला. तो म्हणाला, "वहाँ आज भी बोलते है. पुरानी गाडियों का हराज लगता है ना." मग काय! नानांनी त्याला उभं करून तिकडची माणसं कशी ओरडतात ते ओरडायला लावलं. त्यानंही हौसेनं ओरडून दाखवलं. शेजारचे लोक काय झालं म्हणून धावत आले. नानांचे डोळे नुसते चमकत होते. मी त्यांना तेवढं आनंदात कधीच पाहिलं नव्हतं.

निघता निघता नाना म्हणाले, "मास्तर, आणि तो दुसरा शब्द?" नाव घेतलं नाहीच.

"लिलाव? हमारा नीलाम? वो तो पुर्तगाली लाये."

"परका ना? मला माहीतच होतं."

"सुनिये तो. पुर्तगालियों ने कहाँ से लिया? जानकार लोग कहते है, वो भी अरबी से. जिससे अपना ऐलान आया, उसी घर का लफ्ज है. मतलब, खबर करना. सबको बता देना."

नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मास्तरांनी दिलेला चहा त्यांच्या हातात तसाच राहिला.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. घाट चढलो, चांदवड आलं. गाडी स्टँडवर थांबली, कंडक्टर चहाला गेला. तेव्हा नाना खिडकीबाहेर बघतच बोलायला लागले. त्यांचं गाव तिथून आत चार कोसांवर.

"आमच्या लोकांकडं गावाची कामं होती, सुमनबाई. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा न्यायचा, दवंडी द्यायची. हर्रास पुकारायचं काम माझ्या बापाकडं. गळ्यात हलगी. काय आवाज होता बापाचा! शिवेबाहेर जायचा. पण गाव चावडीवर, आणि बाप खाली, उन्हात."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"एकदा आमचीच गाय पाटलाच्या रानात गेली. कोंडवाड्यात घातली. सोडवायला आमच्याकडं काय होतं? मुदत संपली. हर्रास पुकारायला बापालाच बोलावलं. स्वतःच्या गाईचा. बाप 'एक वार' म्हणला. 'दोन वार' म्हणला. आणि थांबला. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणंल, अरे तुझीच हाय ना ती, जा घेऊन. कोण म्हणणार? पाटील म्हणला, 'तीन म्हण की रं.' मग बाप म्हणला तीन."

गाडीत कुणीतरी बिडी पेटवली. नानांनी काच सरकवली.

"पुढं आमच्या लोकांनी ती सगळी कामं सोडली. हलगी विहिरीत टाकली बापानं स्वतःच्या हातानं. चांगलंच केलं. त्यातलं काही ठेवण्यासारखं नव्हतं. मी शिकलो, कचेरीत आलो. खुर्चीत बसतो, पगार घेतो. एवढी हाक मात्र मी ठेवली. कुणी ठेव म्हणालं नव्हतं."

कंडक्टरनं घंटी दिली. पिंपळगाव आलं. मग नाना एकदम स्वतःशीच हसले. "तीस वर्षं मी सख्ख्या भावाशी भांडलो म्हणायचं. तोही बिचारा ओरडतच होता."

दुसऱ्या दिवशी साहेब आतून ओरडले, "पगारे, लिलावाची फाइल!" आणि नाना पहिल्या हाकेला उठले. साहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं. सगळ्या कचेरीत कुजबूज झाली, की पगाऱ्यांची तब्येत बरी दिसत नाही.

तिथून पाच-सहा वर्षं गेली. ऐंशी उलटलं आणि कचेरीचा सगळा कारभार बदलला. नवे फॉर्म छापून आले. त्यावर ठसठशीत 'लिलावाची सूचना'. त्याचं नानांना आता काही नव्हतं. पण त्याच सुमाराला आमचा दवंडीवाला म्हातारा वारला. बोलीच्या आधी तो डफ घेऊन पेठांतून आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतून ओरडून यायचा. त्याची जागा आता भरायची नाही, असं वरून ठरलं. सूचना फलकावर लावली की पुरे.

नाना साहेबांच्या खोलीत गेले ते तासभर बाहेर आले नाहीत. आतून आवाज येत होते. साहेब म्हणत होते, "अहो पगारे, जग कुठं चाललंय! लोक वाचतात आता." नाना म्हणत होते, "वाचणाऱ्यांची गुरं हरवत नाहीत, साहेब. ते घड्याळं हरवतात."

बाहेर आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. मला वाटलं, पुन्हा त्या शब्दाचं दुखणं वर आलं. म्हटलं, जरा खूश करू म्हाताऱ्याला. पुढची सूचना टाइप करताना मी छापील 'लिलाव' खोडला आणि वर सुबक अक्षरांत 'जाहीर हर्रास' टाइप केलं. कागद त्यांच्यापुढं ठेवून शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

नानांनी वाचलं. चष्मा काढला. "सुमनबाई, शब्दाचं काय घेऊन बसलात? शब्द ठेवला आणि हाक काढून टाकली. आता हे कागद बघणार कोण? भिंत?"

माझ्या थोबाडीत बसल्यासारखं झालं. इतकी वर्षं शेजारी बसून मला वाटत होतं, या माणसाला एका शब्दाचं वेड आहे.

ती सूचना होती एका गाईची. नानांनी वर्णन केलेलं होतं, "गाय, तांबडी, गाभण. डावा कान फाटलेला. गळ्यात चिंधीचा कंडा, त्यात एक निळा मणी. हाक मारली की आधी मागे बघते." बाजाराला निघालेल्या कुठल्याशा कळपाबरोबर ती गावात आली असावी. आठ दिवस झाले, कुणी आलं नाही. त्या महिनाअखेर नाना रिटायर होणार होते. म्हणजे त्यांच्या हातची ही शेवटची बोली.

"चिंधीचा कंडा बघितलात?" नाना म्हणाले. "लुगड्याच्या काठाचा आहे. बाईमाणसाची गाय आहे ही. आणि तिच्याकडं दुसरं जनावर नाही."

"हे हो कशावरून?"

"दुसरं असतं तर काठ दोघांत वाटला असता. हा पुरा आहे."

त्या दिवसापासून कचेरी सुटली की नाना सायकलला टांग मारायचे. एक दिवस मखमलाबादकडे, एक दिवस दिंडोरी रस्त्यानं, एक दिवस थेट सिन्नरच्या अंगाला. डफ नाही, काही नाही. वस्ती दिसली की उतरायचे, तोंडाशी हात धरायचे आणि ओरडायचे, "ऐका हो ऐका! तांबडी गाय, डावा कान फाटलेला, शुक्रवारी हर्रास हाय!" अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. आवाज बसला, मग पार गेला. शुक्रवारी सकाळी मला नुसत्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जायला पाहिजे होता आवाज. गेला का नाही, कळत नाही."

बोली अकराला. अंगणात सात-आठ माणसं जमली. त्यात बाहेरगावचा एक जनावरांचा दलाल होता, टेम्पो फाटकातच लावून आलेला. गाय त्या टेम्पोत चढली की कुठल्या बाजारात उतरेल, कुणाला ठाऊक. मग मालकीण आली तरी उपयोग नव्हता. मालकिणीचा पत्ता नव्हताच. दलालानं बोली लावली, बाकीचे एकेक करून गळाले.

"एक वार," नाना म्हणाले. फाटलेल्या आवाजात.

"दोन वार."

आणि थांबले. फाटकाकडे बघत. गाय शेपटीनं माश्या वारत होती. पाच मिनिटं गेली असतील. दलालानं घड्याळ बघितलं, साहेबांनी घड्याळ बघितलं.

"पगारे, चला."

"आवाज जाऊ द्या, साहेब."

आणखी थोडा वेळ गेला. दलाल म्हणाला, "साहेब, माझा टेम्पो खोळंबलाय."

साहेब म्हणाले, "पगारे, तीन म्हणा की."

साहेबांना काय माहीत, ते काय बोलून गेले! नानांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं आणि मला बघवेना. नियम मला पाठ होता. नवी बोली आली, की मोजणं पुन्हा एकपासून. मी ओरडले, "दहा रुपये जास्त!"

"बाई, कचेरीतल्या माणसाला बोली लावता येत नाही," साहेब म्हणाले.

नेमकी तेव्हा माझी आई फाटकातून आत येत होती. मी विसरलेला डबा घेऊन. म्हणतात ना, देव पाठवतो. मी म्हटलं, "माझी नाही, आईची बोली आहे! आई, हात वर कर!"

आई बिचारी जन्मभर सांगितलेलं ऐकत आलेली. तिनं डब्याचा हात वर केला. "काय गं, काय झालं?"

"एक वार," नाना म्हणाले.

दलालानं बोली वाढवली. मी म्हटलं, "आई, हात!" आईनं हात वर केला. पुन्हा एक वार. पुन्हा दोन वार. पुन्हा आवाज जाऊ द्या. असं चार वेळा झालं. आईचा हात भरून आला. शेवटी दलाल आम्हा सगळ्यांना वेड्यांची कचेरी म्हणाला आणि टेम्पो चालू करून निघून गेला. तरी नाना दोनवरच उभे. फाटकात कुणी नव्हतं. साहेब वैतागून म्हणाले, "झालं, झालं! तीन! लिहा गाय त्या माउलीच्या नावावर." आणि आत निघून गेले. नानांनी तीन म्हटलंच नाही.

शिलाई मशीनसाठी साठवलेले माझे पैसे गेले आणि परसातल्या पेरूला गाय आली. आईनं आठ दिवस घर डोक्यावर घेतलं. "मुलगी बघायला आलेले लोक आधी गाय बघतील! डबा द्यायला गेले होते मी, डबा!" पण नवव्या दिवशी ती गाईला गूळ-पोळी भरवताना सापडली. तिला 'ताई' म्हणायला लागली होती.

महिनाअखेर नाना रिटायर झाले. हार झाला, साहेब चार शब्द बोलले. नानांनी बिस्किटाचा डबा पिशवीत घातला आणि गेले. माझ्या शेजारचं टेबल रिकामं झालं, आणि खरं सांगते, मला त्या कचेरीत करमेनासं झालं.

मग एका रविवारी, दुपारची वेळ, आमच्या फाटकाशी एक म्हातारी उभी. पायांना ही धूळ. नऊवारीचा काठ फाडून घेतलेला. "बाई, हितं तांबडी गाय हाय का?"

सोनाबाई तिचं नाव. सिन्नरपल्याडच्या वस्तीवरची. लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, गाय शेजाऱ्याच्या हवाली करून. परत आली तर दावं रिकामं. "कचेरीत गेले व्हते. त्यांनी तुमचं घर सांगितलं. माझ्याकडं पैसं नाय आत्ता, पन मला नुस्ती बघू द्या."

मी म्हटलं, "हाक मारा तिला."

"ये गं, तांबडे!"

गाय फाटकाकडेच तोंड करून उभी होती. तिनं आधी मागं, पेरूकडे बघितलं. मग वळली, आणि अशी हंबरली की आईच्या हातातलं सूप पडलं.

पैशांचं मी बोलू दिलं नाही. आईनं डोळे पुसत दावं सोडलं. निघताना सोनाबाई म्हणाली, "तो हाक देनारा कुठं राहतो? त्याला बघायचाय मला."

नानांची खोली तिच्या वाटेवरच होती, पुणे रस्त्याच्या वसाहतीत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरबाळ नाही. आम्ही तिघी आणि गाय अशी वरात तिथं पोचली तेव्हा नाना बाजेवर बसून एकटेच चहा फुंकत होते. त्यांनी आधी गाईचा कान बघितला. मग सोनाबाईचा काठ फाडलेला पदर बघितला. चहा खाली ठेवला आणि उभे राहिले.

"तुम्हाला कुणी सांगितलं, बाई?"

"आमच्या गिरनीत बाया बोलत व्हत्या. त्यास्नी रसवंतीवाल्यानं सांगितलं, त्याला ट्रकवाल्यानं. म्हनं, एक म्हातारा सायकलवर बोंबलत हिंडतोय, फाटक्या कानाची तांबडी गाय. कुनाकुनाच्या तोंडानं आलं बघा. म्हनून तर इतकं दिस लागलं."

नाना जवळ आले, गाईच्या गळ्यातल्या निळ्या मण्याला त्यांनी बोट लावलं. मग आकाशाकडे नाही, जमिनीकडे नाही, चांदवड ज्या अंगाला आहे त्या अंगाला तोंड करून ते उभे राहिले. दोन्ही हात तोंडाशी धरले. आवाज अजून बसलेलाच होता, आम्हालाही जेमतेम ऐकू आला.

"तीन वार," नाना म्हणाले. "ऐकलं का, बा? तीन वार."